विश्लेषण : प्लेगची लस तीन महिन्यांत, पण प्रयोगशाळेसाठी तीन वर्षे... हाफकिन यांना सरकारकडून पैसा आणि जागा मिळवताना काय काय करावे लागले?

परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज हजारो मुंबईकर जातात. प्लेगची लस शोधणारा शास्त्रज्ञ एवढी हाफकिन यांची ओळख बहुतेकांना असते. पण ही लस त्यांनी एका खोलीत आणि एका व्हरांड्यात, तीन महिन्यांत तयार केली. पुढची वर्षे गेली ती सरकारला पटवण्यात. संशोधनाला जागा द्या, माणसे द्या, पैसा द्या, असे ते सांगत राहिले. सरकारचा कल मात्र प्रत्येक राजकीय घडामोडीबरोबर बदलत होता. दंगल झाली की धोरण बदले, अपघात झाला की माणूस बदले.

हाफकिन मूळचे कोण?

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्याच विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तिथे त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव्ह, पुढे ज्यांना नोबेल मिळाले. झारच्या राजवटीला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांत हाफकिन होते. १८८१ मध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांतही ते होते. त्यात ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीने सुटले. प्राध्यापकपद मिळायचे तर धर्म बदलावा लागेल अशी अट होती. ती त्यांनी मानली नाही.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे मिळालेली पहिली नोकरी होती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात सूक्ष्मजीवांवर काम करायचे. त्यातूनच कॉलऱ्याची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला.

लस तयार होती, मग भारतात का यावे लागले?

लस प्रयोगशाळेत चालते की नाही हा एक प्रश्न. ती खऱ्या साथीत चालते की नाही हा दुसरा, आणि त्यासाठी साथ असलेला देश आणि परवानगी देणारे सरकार हवे. रशियात तेव्हा कॉलऱ्याने थैमान घातले होते. लस देऊ करण्यात आली, पण तिथून नकार आला. पॅरिसमधल्या ज्येष्ठ मंडळींनाही ती पटली नव्हती. सयामला म्हणजे आजच्या थायलंडला जाण्याचा विचार सुरू असताना पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन यांनी भारत सुचवला. डफरिन आधी भारताचे व्हाइसरॉय होते आणि कॉलरा म्हणजे काय हे त्यांनी पाहिले होते.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. सरकारने फिरण्याची मुभा दिली, त्यापलीकडे फारसे काही हाती दिले नाही. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही लष्करी शिस्तीची, आपल्या हद्दीबद्दल जागरूक असलेली सेवा होती. त्यात हे बाहेरचे, तेही रशियन. मध्य आशियात रशिया आणि ब्रिटन एकमेकांवर डोळा ठेवून असलेला तो काळ. रशियन नावाचा माणूस छावण्या-छावण्यांतून फिरतो म्हटल्यावर संशय येणे अधिकाऱ्यांच्या दृष्टीने साहजिकच होते.

एप्रिलमध्ये आग्र्यापासून सुरुवात झाली. दोन वर्षांत लष्करी छावण्या, तुरुंग, आसामचे चहाचे मळे आणि कलकत्त्याच्या बस्त्या धरून सुमारे ४२ हजार जणांना त्यांनी लस दिली. कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन हे त्यांचे पहिले खंदे समर्थक. १८९४ मध्ये काट्टल बागान या बस्तीत कॉलरा शिरला तेव्हा हाफकिन भारतीय डॉक्टरांना घेऊन तिथे गेले. लोक दगड घेऊन उभे होते, तेव्हा आधी त्यांनी स्वतःलाच सुई टोचून घेतली. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले होते.

इथे त्यांची पद्धत दिसते. सरकारला लेख नको असतात, आकडे हवे असतात हे त्यांनी ओळखले होते. म्हणून एकाच घरातले, एकाच तुरुंगातले, एकच पाणी पिणारे लोक निवडायचे. काहींनी लस घ्यायची, काहींनी नाही आणि मग दोन्हींची मोजदाद करायची. आजच्या लसचाचण्यांचा गाभा तोच आहे. १८९५ च्या अखेरीस मलेरियाने खंगलेले हाफकिन लंडनला गेले आणि तिथल्या डॉक्टरांपुढे त्यांनी हेच आकडे मांडले.

मुंबईत प्लेग आला तेव्हा काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. भारतात परतलेल्या हाफकिन यांना सरकारने तातडीने मुंबईला धाडले आणि ७ ऑक्टोबरला ते शहरात पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. मनुष्यबळ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई.

त्याच वेळी सरकारचा पैसा मात्र दुसरीकडे वाहत होता. रोग घाणीतून, दूषित हवेतून पसरतो अशी जुन्या आरोग्य खात्याची धारणा होती. त्यामुळे गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतले जात होते, घरे धुऊन काढली जात होती, छपरे उघडली जात होती. सरकारच्या घाईला आणखी एक कारण होते. मुंबई बंदरातून निघणाऱ्या मालावर आणि हज यात्रेकरूंवर इतर देश निर्बंध घालू लागले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसमध्ये प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युरोपला काहीतरी करून दाखवणे भाग होते आणि घर धुणे डोळ्यांना दिसते. प्रयोगशाळेतल्या बाटलीत काय वाढते आहे ते दिसत नाही.

त्या बाटलीत काय होते ते मात्र ऐकण्यासारखे आहे. प्लेगचे जिवाणू वाढवायला मांसाचे सार लागते. गाय किंवा डुकराचे मांस वापरले तर कोण ही लस घेईल? म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. त्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जिवाणू तुपाला धरून खाली लोंबत वाढतात आणि हा प्लेगचाच जिवाणू आहे याची खूणही पटते. काही आठवड्यांनी हे द्रावण तापवून जिवाणू मारायचे आणि टिकावे म्हणून थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, पुढे सामान्यांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचण्याच्या वेळीच ज्यांना लागण झालेली होती ते वगळता, लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि कोणी दगावले नाही. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले, सहा दगावले.

सरकारने लगेच प्रयोगशाळा का उभारून दिली नाही?

कारण तोवर प्लेग हा आरोग्याचा नव्हे, कायदा-सुव्यवस्थेचा विषय झाला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग समिती नेमली गेली. सैनिक घरात शिरू लागले, बायामाणसांची तपासणी होऊ लागली, माणसे ओढून छावण्यांत नेली जाऊ लागली. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली.

या धामधुमीत सरकारला लसीबद्दल दोन उलट गोष्टी एकदम वाटत होत्या. एकीकडे, घरात न शिरता, पडदा न उघडता, सक्ती न करता रोग रोखणारा उपाय म्हणून लस सोयीची होती. दुसरीकडे, सुईबद्दल शहरात भलभलत्या अफवा होत्या. साहेब विष टोचतो, पुरुष नपुंसक होतो. लसीमागे सरकारने उघड उभे राहावे आणि त्यातून आणखी एक दंगल व्हावी, ही भीती अधिकाऱ्यांना होती. परिणामी लसीला नाही म्हटले गेले नाही, पण भरभरून पैसाही मिळाला नाही.

ही कोंडी फोडली ती सरकारने नव्हे, तर विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि मग खोजा समाजातल्या हजारोंनी ती घेतली. आपले खुशरू लॉज त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिले आणि खर्चही उचलला. सरकारी बंगल्यातून प्रयोगशाळा तिथे हलली. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाचा भार एका खासगी माणसाच्या घरावर पडावा, यात सरकारची शोभा नव्हती. पण त्याच उपकारामुळे हाफकिन यांच्या हाती आणखी आकडे आले.

त्यातला सर्वांत बोलका आकडा बडोदे संस्थानातल्या उंढेरा या खेड्यातला. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग चालू असतानाच प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तीन गेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. घर एक, चूल एक, उंदीर तेच.

त्या वर्षाच्या अखेरीस एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग भारतात आला. आयोगाने हाफकिन यांच्या आकडेवारीतल्या त्रुटी काढल्या, लस प्रमाणित करण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. यातली काही टीका रास्त होती. साथीच्या गर्दीत ठेवलेल्या नोंदी नेमक्या नसतात. पण लसीने लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे आयोगाने मान्य केले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू मोकळी होती त्याचे कारणही आजारच. १८८२ मध्ये तत्कालीन गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच कॉलऱ्याने गेल्या आणि पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलले. एक कारकून आणि तीन शिपायांपासून निघालेल्या हाफकिन यांच्या हाताखाली १९०१ पर्यंत ५० हून अधिक माणसे होती.

मलकोवालमध्ये नेमके काय झाले?

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायचे ठरवले. मागणी लाखो मात्रांची होती आणि परळची क्षमता तेवढी नव्हती. वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ती रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या गावात १०७ जणांना लस देण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवडाभरात त्यांच्यापैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सगळे मरण पावले. १९ही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याचा ठपकाही आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते लंडनला परतले.

पण कागदपत्रे नीट वाचली तर दुसरेच चित्र दिसत होते. मलकोवालमध्ये बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ठरलेल्या नियमानुसार तो ज्योतीवर धरायला हवा होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते मुंबईतच बाटलीत शिरले असते तर इतक्या दिवसांत बेसुमार वाढले असते आणि उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटलाही दोष परळचाच होता असे ठामपणे म्हणता आले नाही.

हे सारे ठाऊक असतानाही सरकार वर्षानुवर्षे स्वस्थ बसले. चिमटा पाडणाऱ्याच्या चुकीपेक्षा परक्या शास्त्रज्ञाच्या चुकीची कथा सांगणे सरकारला सोपे होते, असा अर्थ त्यातून निघतो. पंजाबची मोहीम मात्र विस्कटली. एकट्या १९०७ मध्ये भारतात प्लेगने १२ लाखांहून अधिक माणसे गेली, त्यातली जवळपास निम्मी पंजाबातली. मोहीम चालू राहती तर त्यातली किती वाचती, हे सांगता येणार नाही. पण लोकांचा लसीवरचा विश्वास उडाल्यानंतर तो परत मिळवण्यासाठी जे करायला हवे होते, म्हणजे खरे कारण लवकर आणि उघडपणे सांगणे, तेच झाले नाही.

त्यांना न्याय कोणी मिळवून दिला?

मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे आले. त्यांनी स्वतःही इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये संशोधनासाठी वेळ आणि पैसा मिळवताना नाकीनऊ आलेले दिवस काढले होते. कलकत्त्याचे जुने सहकारी सिम्पसनही होतेच. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित जिवाणूशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. प्रश्न ब्रिटिश संसदेत गेला. फ्रान्समधल्या ड्रायफस प्रकरणाची आठवण अनेकांना झाली, कारण तिथेही ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवले गेले होते. वर्षअखेरीस सरकार नमले.

पण ते अर्धेच नमले. हाफकिन भारतात परतले तेव्हा परळची खुर्ची भरलेली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा देण्यात आली आणि माणसांवर लसीच्या चाचण्या घेण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. ज्याने आयुष्यभर लस प्रत्यक्ष साथीत तपासून दाखवली त्याच्या हाती आता फक्त टेबल आणि परीक्षानळ्या उरल्या. कॉलऱ्याच्या मृत जिवाणूंपासून बनवलेली सुधारित लस त्यांना आणायची होती. ती मोठ्या प्रमाणावर वापरून बघण्याची संधी त्यांना कधीच दिली गेली नाही. १९१५ च्या सुमारास, निवृत्तीचे वय होताच, त्यांनी नोकरी सोडली आणि ते युरोपला निघून गेले.

संस्थेला त्यांचे नाव केव्हा मिळाले?

परळची प्रयोगशाळा १९०६ मध्येच मुंबई जिवाणूशास्त्र प्रयोगशाळा झाली होती. नावातून प्लेग गेला तरी प्लेगची लस तिथे बनत राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये तेव्हाचे संचालक एफ. पी. मॅकी यांनी पुढाकार घेतला आणि संस्था हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यांच्या नावावर संस्था झाली ते तेव्हा युरोपात होते आणि हयात होते. सरकारी इमारतीला जिवंतपणी नाव मिळणे, तेही त्याच सरकारने कधीकाळी दूर केलेल्या माणसाचे, ही फार क्वचित घडणारी गोष्ट.

अखेरच्या वर्षांत हाफकिन धर्माकडे वळले होते. अविवाहित असलेल्या हाफकिन यांनी आपली बचत १९२९ मध्ये लोझानमध्ये एका प्रतिष्ठानाकडे सोपवली. पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांना मदत करणे हे त्याचे काम. त्या पाठशाळांत शास्त्राचे विषयही शिकवले जावेत, असा त्यांचा आग्रह होता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानलाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी परळच्या संस्थेला साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक मिळाले.